लागू नसेल ते खोडावे

वत्सलाबाईंना तीन वर्षांत एकाही माणसाने सरळ उत्तर दिलं नव्हतं, आणि प्रश्न तर साधा होता. माणूस निर्दोष ठरला असेल, तर तो घरी का येत नाही?

हा प्रश्न त्यांनी पोलीस चौकीत विचारला होता. इगतपुरीच्या एसटीत कंडक्टरला विचारला होता. पंचवटीतल्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता एका अनोळखी गृहस्थाला विचारला होता, कारण त्याच्या स्कूटरवर वकिलाचं चिन्ह चिकटवलेलं होतं. स्कूटर मेव्हण्याची निघाली. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई ती. पोरांचे 'का' ऐकता ऐकता तिलाच 'का'ची खोड लागली, आणि निवृत्तीनंतर तर काही धरबंधच उरला नव्हता.

ज्या दिवशी सेशन कोर्टाने दत्तूला निर्दोष ठरवलं, त्या दिवशी त्यांनी पुरण शिजत घातलं होतं. धाकटा भाऊ चार वर्षांनी घरी जेवणार होता. पोळ्या लाटून झाल्या आणि मग निरोप आला की दत्तू तुरुंगातून निघाला खरा, पण तिथून मनोरुग्णालयात गेला आहे, सुरक्षित ताब्यात. पोळ्या गल्लीतल्या लोकांनी खाल्ल्या. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

आज मात्र उत्तर चालत घरी आलं होतं. अदिबा शेख, गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या सरकारी योजनेतली वकील, वय फार तर तीस, मांडीवर फुगलेली फाईल घेऊन वत्सलाबाईंच्या पुढच्या खोलीत बसली होती. दत्तूला आपल्या हवाली करावं असा वत्सलाबाईंचा अर्ज तिने तयार केला होता आणि उद्या, सोमवारी, तो सुनावणीला होता.

समोर बाकीचं घर बसलं होतं. यादव, वत्सलाबाईंच्या पाठचा आणि दत्तूच्या आधीचा, दाराजवळच्या खुर्चीत. त्याचा डावा हात मांडीवर निजवून ठेवल्यासारखा पडलेला. खाली सतरंजीवर त्याची बायको लंकाबाई, आणि भिंतीला टेकून त्यांचा मुलगा किशोर, जो विंचूरच्या वाइन पार्कमध्ये बाटल्या भरण्याच्या खात्यात होता आणि रविवार बुडाल्याबद्दल जरा नाराज होता. भाताची कापणी अर्ध्यावर टाकून नवरा-बायको इगतपुरीहून सकाळच्या गाडीने आले होते. येताना पिशवीभर नवा तांदूळ आणला होता. म्हणजे भांडायलाच आले होते, हे वत्सलाबाईंनी पिशवी बघूनच ओळखलं. यादव भांडायला कधी रिकाम्या हाताने येत नसे.

"अक्का," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "तुला तोंडावर सांगाया आलो. उद्या कोर्टात मी हरकत घेनार हाय. दत्तूला सोडू नका, आसं सांगनार. पाठीमागून करन्यापेक्षा म्हनलं पुढून करावं."

वत्सलाबाईंनी चेहरा हलू दिला नाही. "मॅडम," त्यांनी अदिबाला विचारलं, "याने हरकत घेतली तर माझा अर्ज टिकेल का?"

"अवघड होईल," अदिबा म्हणाली. "मार यांनी खाल्लाय. यांचं म्हणणं कोर्ट ऐकून घेणारच. आणि सांभाळायला तुम्ही एकट्याच, बासष्ट वर्षांच्या. घरातलं दुसरं कुणी पाठीशी नसेल, तर दत्तूभाऊ तिथेच राहतील."

"कधीपर्यंत?"

"ते कुणी सांगू शकत नाही."

"शिक्षा झाली आसती तर किती झाली आसती त्याला?" इतका वेळ गप्प असलेल्या लंकाबाईने विचारलं.

"असल्या मारहाणीला साधारण सात वर्षं धरा."

"सात तर आता झाली."

"हो," अदिबा म्हणाली.

वत्सलाबाई पुढे सरकल्या. ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली नव्हती. "म्हणजे दोषी ठरला असता तर सुटायची तारीख होती, आणि निर्दोष ठरला म्हणून तारीखच नाही?"

"तारीख नाही. म्हणूनच मधूनमधून तपासणी व्हावी लागते, की अजून ठेवायची गरज आहे का. बघा, कोर्टाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, मारलं ते दत्तूभाऊंनीच. दोन, मारताना आपण काय करतोय हे कळण्याची त्यांची अवस्था नव्हती. म्हणून गुन्हा नाही आणि शिक्षाही नाही."

"केलं बी आनि केलं बी नाय," यादव म्हणाला. "झ्याक हाय."

"हात त्यांचा होता, मन जाग्यावर नव्हतं. कायद्याला दोन्ही लागतात." अदिबाने हे कुणाला पटवायचं म्हणून नाही, दुकानदार कापड उलगडून दाखवतो तसं सांगितलं. "दवाखान्यात ठेवलंय ते शिक्षा म्हणून नव्हे. त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून. तेवढं कारण संपलं की ठेवण्याचा हक्कही संपत जातो. राज्यघटनेत लिहिलंय, कोणत्याही माणसाचं स्वातंत्र्य कायद्याच्या रीतीशिवाय काढून घेता येत नाही. माणूस, एवढंच लिहिलंय. शहाणा माणूस असं लिहिलेलं नाही."

वत्सलाबाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

"आनि माजं सवातंत्र्य?" यादवने उजव्या हाताने डावा हात मनगटाला धरून उचलला, खांद्यापर्यंत नेला आणि सोडला. हात धपकन मांडीवर पडला. "ह्ये कोन देनार?"



त्या दिवसाबद्दल या घरात सहसा कुणी बोलत नसे. दत्तू रेल्वेत चावीवाला होता. रोज घाटातल्या रुळांवरून सहा किलोमीटर चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ती हातोड्याने ठोकून जागच्या जागी बसवायची, हे त्याचं काम. त्या श्रावणात तो तीन आठवडे झोपला नव्हता. माणसं बदललीत म्हणायचा, स्टेशनमास्तर खरा नाही म्हणायचा. घरच्यांना ती चेष्टा वाटली, मग कटकट वाटली. डॉक्टर मात्र कुणाला सुचला नाही. आणि चार दिवस न थांबलेल्या पावसात, पत्र्यावर असा आवाज चालू असताना की शेजारच्याशीही ओरडून बोलावं, यादव डोक्यावरून तोंडावर आलेलं पानांचं इरलं घेऊन भाताच्या खाचरातून अंगणात आला आणि दत्तूने त्याच्यावर तोच हातोडा चालवला. तीन घाव. शेजारच्या गोठ्यातून बुधा धावत आला म्हणून चौथा बसला नाही.

"हात गेला त्याचं मला काय नाय," यादव आता खालच्या आवाजात बोलत होता. "हात बैलाच्या लाथंनं बी जातो. पन अक्का, त्यो काय वरडत हुता ते मी ऐकलंय. दादाला तोड. दादाला तोड. ह्या कानांनी ऐकलंय. दारूत आनि येडात मानूस मनातलंच बोलतो. आई गेली तवा ह्यो सहा वर्साचा. मी भाकरी थापून घातली त्याला. आनि त्याच्या मनात काय हुतं, तर दादाला तोड."

वत्सलाबाईंना भावाची कणव आली, अगदी भरून आली. हाताचं दुखणं सगळ्यांना दिसत होतं, हे दुसरं सात वर्षं आतल्या आत ठसठसत होतं. पण खोड ती खोड. कणवेच्या मागोमाग त्यांच्या डोक्यात 'का' उभा राहिला.

"यादव, 'तोड' असं तो कुणाला म्हणाला?"

"मला काय म्हाईत? येडा मानूस."

"नाही, पण ऐक. तोड म्हणायला समोर दुसरं कोणी लागतं ना? अंगणात तुम्ही दोघंच. हातोडा त्याच्याच हातात. मग तोड कुणाला सांगत होता?"

"आत्या, आता तू पोलीस झाली का?" किशोर म्हणाला. मग जरा चाचरत त्याने मनातलं काढलं. "हे बघा, मला काकाचा राग नाही. पण माझी पोरगी दोन वर्षांची आहे. सणाला आम्ही गावी येतो. म्हणून म्हणतो, त्या अर्जावर 'नातेवाईक किंवा मित्र' असं छापलंय. मी वाचलं. मग मित्रच सही करू दे की. बुधाकाकाला सांगू. म्हणजे आत्याची सही नको, आपलीही नको, आणि काका पण सुटेल."

"आनि ऱ्हाईल कुटं? बुधाच्या गोठ्यात?" लंकाबाई म्हणाली.

बुधाचं नाव निघालं तसा वत्सलाबाईंनी चष्मा लावला आणि अदिबाच्या मांडीवरची फाईल मागून घेतली. निकाल इंग्रजीत, चौतीस पानांचा. निर्दोष एवढा एक शब्द कळल्यावर घरात कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. पण मागे साक्षीदारांचे जबाब होते आणि ते मराठीत होते. यादवचा जबाब त्यांना माहीत होता, त्या दिवशी त्या कोर्टात होत्या. बुधाची साक्ष झाली ती आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत. तेव्हा घरचं कुणीच गेलं नव्हतं.

त्या बोट ठेवून वाचू लागल्या, अंगणवाडीत गोष्ट वाचायच्या तशाच, सावकाश आणि मोठ्याने.

"मी गोठ्यात होतो. मला आरोपीचा आवाज ऐकू आला. आरोपी जखमीस म्हणत होता की, तू दादा नाहीस, दादाला कुठे ठेवलं, दादाला सोड. असे तो वारंवार म्हणत होता. दादाला सोड, दादाला सोड."

त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"परत वाच," यादव म्हणाला.

त्यांनी परत वाचलं.

"टायपिंगची चूक आसंल. 'त'च्या जागी 'स' पडला आसंल."

"मधलं वाक्य पण चुकून पडलं का? दादाला कुठे ठेवलं?"

"मार मी खाल्ला का बुधानं? मला ऐकू आलं नाय, आनि त्याला गोठ्यातून ऐकू आलं?"

"तुझ्या डोक्यावर इरलं होतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "इरल्यावर पाऊस वाजत होता. आणि तोंडही झाकलेलं होतं, यादव. त्याला तू दिसलाच नाहीस."

लंकाबाई उठली. तिने किशोरच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि पुन्हा त्याच्याच हातात दिला. "बुधाभावजींना लाव. मोठ्यानं बोलतो तसा कर."

बुधा कापणीवर होता. पलीकडून आधी विळ्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज आला, मग तो. हा मनुष्य दिवसाकाठी वीस शब्द बोलायचा आणि त्यातले पंधरा बैलांशी.

"बुधा, त्या दिशी दत्तू काय वरडत हुता?" यादवने विचारलं.

"कोनत्या दिशी?"

"हातोड्याच्या."

"दादाला सोड म्हनत हुता. तुला म्हनत हुता. तू कोनतरी दुसराच हायेस, आनि यादवला दाबून ठिवलाय, आसं त्याला वाटत हुतं. मी धरला तवा मला बी म्हनला, बुधादा, आधी दादाला सोडवू."

"मंग सात वर्सं सांगितलं का नाय?"

"कोर्टात सांगितलं की," बुधा म्हणाला. "तुमी इचारलं कवा?"

वत्सलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलीस झाले, कंडक्टर झाला, स्कूटरवाला झाला, सगळ्या नाशिकला विचारून झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गावच्या घराच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या बुधाला तेवढं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

यादव उठून गॅलरीत गेला. खाली भाजीबाजाराचा गलका चालू होता. तो पाठमोरा उभा राहिला आणि कुणी त्याच्यामागे गेलं नाही. इतक्या वर्षांचा राग असा एका अक्षराने जात नाही, हे वत्सलाबाईंना कळत होतं. राग गेला तर त्या जागी काय ठेवायचं, हे तरी माणसाला ठाऊक पाहिजे.

"आता मला एक कळलं," अदिबा हळूच म्हणाली. फाईलच्या अगदी शेवटच्या खिशातून तिने वहीचा एक कागद काढला. "उपचाराबाबत आपल्या वतीने कोणी बोलायचं, ते रुग्णाने स्वतः ठरवायचं असतं. साध्या कागदावर लिहून, खाली सही करून. हाही त्यांचा हक्कच आहे. मी दोन आठवड्यांपूर्वी दत्तूभाऊंना भेटले तेव्हा त्यांच्याकडून लिहून घेतला. मला वाटलं वत्सलाबाईंचं नाव लिहितील. दर महिन्याला भेटायला त्याच जातात."

"माझं नाही लिहिलं?" वत्सलाबाईंनी विचारलं. जराशी कळ आली, ती त्यांनी लपवली नाही.

"नाही. आणि एक शब्द जास्तीचा लिहिलाय. मी विचारलं, हे काय? म्हणाले, घरच्यांना कळेल."

कागद लंकाबाईने घेतला. तिला अक्षर लावून वाचावं लागे, म्हणून वेळ लागला. दत्तूचं अक्षर रेल्वेच्या डायरीत असायचं तसंच होतं, तिरकं आणि दाबून काढलेलं.

"माज्या वतीनं बोलाया माजा दादा यादव," तिने वाचलं. "खरा."

गॅलरीतली पाठ हलली नाही. पण ऐकलं होतं.

लंकाबाईने कागदाची घडी केली नाही. तो तसाच हातात धरून ती गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली. सात वर्षं नवऱ्याच्या खांद्याला तेल चोळणारी ती. दत्तूचं नाव काढलं तरी ताट सरकवणारीही तीच. वत्सलाबाईंना वाटलं, आता ही कागद फाडते.

"तुमीच म्हनता ना," ती नवऱ्याला म्हणाली, "येडात मानूस मनातलंच बोलतो."

तिने कागद त्याच्यापुढे धरला.

"मंग आता त्येच धरा. त्याच्या मनात दादाला सोडवायचं हुतं."

मग ती वळली आणि अदिबासमोर येऊन बसली. आवाज कोरडाच होता. "मला भ्या वाटतंय, ते जानार नाय. पुन्यांदा आसं झालं तर?"

"होऊ शकतं," अदिबा म्हणाली. "मी खोटं सांगणार नाही. पण दोन वर्षं ते नीट आहेत. औषध चालू ठेवायचं. झोप उडाली किंवा माणसं खोटी आहेत असं बोलायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर. कोर्ट सांगेल तेव्हा तपासणीला हजर करायचं. हमी म्हणजे हेच."

"पयले सा महिने वन्संकडं ऱ्हाऊ दे, डॉक्टर जवळ हाय. गोळी माज्या नाय तर वन्संच्या डोळ्यांदेखत. गावी आला तर हातोडा, कुराड, कोयता समदं बुधाभावजींच्या घरी. किशोरची पोर एकली त्याच्याजवळ नाय सोडायची."

"चालेल," किशोर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"हे सगळं अर्जात लिहिते मी," अदिबा म्हणाली. "कोर्टाला असंच लागतं."

तेवढ्यात यादव आत आला. डोळे लाल होते, आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही. "त्या दिशी मी इरलं काढलं आसतं तर," तो म्हणाला. खुर्ची ओढून तो अदिबासमोरच्या स्टुलापाशी बसला.

"मॅडम, अक्काच्या अर्जाबरूबर माजाबी लागंल का?"

"लागला तर फार बरं होईल. पण तुम्ही हरकत घेणार होतात."

"कोरा फारम हाय का?"

फॉर्म होता. नाव, वय, पत्ता अदिबाने विचारून भरलं. पण पुढचं त्याने तिला भरू दिलं नाही, पेन स्वतः घेतलं. ओळ अशी होती: मी सदर व्यक्तीचा नातेवाईक / मित्र आहे, लागू नसेल ते खोडावे. यादवने पेन टेकवलं तसा कागद सरकला, कारण कागद धरून ठेवायला डावा हात उपयोगाचा नव्हता. तो पुन्हा सरकला. लंकाबाईने पदराला हात पुसला आणि तळवा कागदावर दाबून ठेवला. मग यादवने 'मित्र' हा शब्द खोडला.

"आता पुढे नातं लिहा," अदिबा म्हणाली. "नुसतं भाऊ नको. चुलत की मावस असं विचारतात. सख्खा भाऊ लिहा."

यादवने 'भाऊ' लिहिलं आणि तो थांबला. वत्सलाबाई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, जोडाक्षराला अडला असेल असं त्यांना वाटलं, म्हणून त्या कानाशी हळूच म्हणाल्या, "स, मग अर्धा ख, मग ख ला काना."

"म्हाईतीये," यादव म्हणाला, आणि त्याने 'भाऊ'च्या पुढे लिहिलं, खरा.

अदिबाने ते वाचलं. कोर्टाचा कारकून उद्या यावर बोट ठेवणार हे तिला माहीत होतं. तिने फॉर्म फाईलमध्ये सगळ्यात वर लावला आणि सुनावणी अकरा वाजता आहे, साडेदहाला पोहोचा, एवढंच सांगितलं.